खरं वॉलेट कागदावर

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून साडेतेवीस कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. त्या गदारोळात कंपनीने सांगितलेली एक गोष्ट मागे पडली. ज्या खात्यातून रक्कम गेली, तिथे एका माणसाच्या सहीने काही हलत नव्हतं. कंपनीच्या तिघांनी सही करायची आणि मग लिमिनल या सेवा देणाऱ्या कंपनीने शेवटची मंजुरी द्यायची, अशी व्यवस्था होती. त्या तिघांकडेही हार्डवेअर वॉलेट होतं. क्रिप्टो सांभाळायची सगळ्यात भरवशाची सोय म्हणून जाणकार ज्याचं नाव घेतात, तेच.

वझीरएक्सचं म्हणणं असं, की पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर झाली. लिमिनलने दोष आपल्याकडे घेतला नाही. गडबड वझीरएक्सच्या बाजूची, असं तिचं उत्तर. कुणाचंही खरं धरलं तरी वॉलेट फोडून आतली किल्ली पळवल्याचं काही पुढे आलं नाही. समोर आलेल्या व्यवहारावर सही करायला सांगितलं गेलं आणि यंत्रांनी ती इमानेइतबारे केली.

म्हणून हे यंत्र विकत घेण्याआधी ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट बघायला हवं.

बिटकॉइन काय किंवा इथर काय, नाणं असं कुठे ठेवलेलं नसतंच. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खातेवही चालते आणि अमुक पत्त्यावर तमुक रक्कम एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. त्या पत्त्यावरची रक्कम हलवायला एक गुप्त संख्या लागते, तिला प्रायव्हेट की, म्हणजे खासगी किल्ली म्हणतात. ती ज्याच्या हाती, रक्कम त्याची. खातेवही पॅन विचारत नाही, आधार विचारत नाही. चुकून भलतीकडे गेलेले पैसे परत आणायला शाखा व्यवस्थापक नाही की तक्रारीची खिडकी नाही.

अशी संख्या रोजच्या लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे आपण होऊन आपत्ती ओढवून घेणं. फुकटात मिळवलेलं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये कधीकाळी बसवलेलं एखादं एक्स्टेन्शन, बिल समजून उघडलेली फाइल, कुठून काय आत शिरलंय याचा हिशेब कोण ठेवतो? त्यावर उपाय म्हणून ही संख्या एका वेगळ्या छोट्या यंत्रातच तयार व्हावी आणि तिथून कधीच बाहेर पडू नये, ही कल्पना पुढे आली. हेच हार्डवेअर वॉलेट. प्रागच्या सातोशीलॅब्सने २०१४ मध्ये ट्रेझर बाजारात आणलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेजर कंपनी सुरू झाली. आज इतरही बऱ्याच कंपन्या आहेत आणि साधं मॉडेल काही हजार रुपयांत मिळतं.

व्यवहार होतो तो असा. संगणकावरचं अ‍ॅप मसुदा तयार करतं, की या पत्त्यावर एवढी रक्कम पाठवायची आहे. तो मसुदा केबलने यंत्रात जातो. यंत्र आपल्या बोटभर पडद्यावर पत्ता आणि रक्कम दाखवतं. आपण बटण दाबलं की आतल्या आत सही होते आणि फक्त सही बाहेर येते. किल्ली आतच राहते. लॅपटॉप व्हायरसने भरलेला असला तरी किल्ली त्याला दिसत नाही. पण व्हायरस एक गोष्ट सहज करू शकतो. आपण ‘अ’चा पत्ता दिला असेल तर मसुद्यात तो गुपचूप ‘ब’चा पत्ता घालू शकतो, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र ‘अ’च दाखवत राहतो. ही लबाडी पकडायची जागा एकच, यंत्राचा तो बोटभर पडदा. माझ्या मते यंत्राची निम्मी किंमत आपण त्या पडद्यासाठी मोजतो, आणि तोच न वाचता बटण दाबणारे लोक काही कमी नाहीत.

आता हे घ्यावं कुणी? दोन-पाच हजारांची क्रिप्टो गंमत म्हणून घेतली असेल तर सोडून द्या, घोड्यापेक्षा नाल महाग व्हायची. रक्कम गेली तर झोप उडेल एवढी असेल, तर विचार करावा. एक्स्चेंजवर ठेवलेली क्रिप्टो म्हणजे ती कंपनी आपलं देणं लागते एवढीच नोंद, याचा अनुभव लोकांनी वारंवार घेतलाय. टोकियोच्या माउंट गॉक्सने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब होते. त्यातले दोन लाख नंतर सापडले. कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्सचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला आणि किल्ल्या त्याच्या एकट्याकडेच होत्या असं ग्राहकांना सांगण्यात आलं. पुढे ओंटारिओच्या नियामकाने चौकशी केली, तेव्हा तो आधीपासूनच ग्राहकांच्या पैशांशी खेळत होता असं निघालं.

दुसऱ्या बाजूला वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स आहे. २०१३ मध्ये त्याची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली आणि तिच्यावर सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो नगरपालिकेच्या मागे वर्षानुवर्षं लागला. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. त्याला कुणी फसवलं नव्हतं. एफडीची पावती किंवा घराचा करारनामा ऐनवेळी सापडत नाही म्हणून ज्यांच्या घरी कपाटं उपसली जातात, त्यांनी स्वतःच्या किल्ल्या स्वतः सांभाळायच्या फंदात पडू नये, असं मी स्पष्टच सांगतो.

घ्यायचं ठरलंच, तर थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिथे नाव दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. सेकंडहँड घेऊ नये, कुणी भेट दिलं तरी वापरू नये. २०१८ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका माणसाने ईबेवरून लेजर घेतलं. खोक्यात एक छानसं छापील कार्ड होतं, खरवडलं की त्यावर गुप्त शब्द आयतेच मिळत. त्याने ते वापरले आणि आयुष्याची पुंजी गेली, कारण विकणाऱ्याकडे तेच शब्द होते. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये आणखी बेमालूम प्रकार उघड केला. बनावट ट्रेझर बाहेरून अगदी अस्सल दिसत होतं, होलोग्रामसुद्धा जागच्या जागी. आतली चिप मात्र बदललेली होती आणि किल्ली चोराने आधीच ठरवून ठेवलेल्यांपैकी एक. मालकाचं यंत्र तिजोरीत बंद होतं, कशालाही जोडलेलं नव्हतं, आणि तरी १.३३ बिटकॉइन निघून गेले.

त्यामुळे पार्सल उघडल्यावर सील बघा, पण सीलवर फार विसंबू नका. अ‍ॅप उतरवून घेताना गूगलवर नाव टाकून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. २०२३ मध्ये लेजरच्या अ‍ॅपची हुबेहूब नक्कल खुद्द मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर आली होती आणि तिने लोकांचे लाखो डॉलर नेले. खरं अ‍ॅप यंत्राची अस्सलता तपासतं आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, नवं करून घेतं. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना आतमध्ये आधीचा पिन किंवा आधीचं वॉलेट दिसलं, तर तिथेच थांबून ते परत पाठवावं.

पुढची पायरी पिनची. जन्मतारीख आणि १२३४ सोडून काहीही चालेल. लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. ट्रेझर प्रत्येक चुकीनंतर जास्त जास्त वेळ थांबायला लावतं आणि सोळाव्या चुकीला सगळं पुसतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण पिन फक्त या एका यंत्राचा असतो. खरा ऐवज आता पुढे येतो.

यंत्र म्हणतं, कागद-पेन घ्या. पडद्यावर एकेक इंग्रजी शब्द येतो, बारा किंवा चोवीस. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. बहुतेक कंपन्या २०१३ मध्ये मांडलेलं हेच एक मानक वापरतात, त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राचे शब्द दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही सहसा चालतात. पत्ते कितीही असोत, सगळ्या किल्ल्या या शब्दांतूनच निघतात. यंत्र हरवलं, जळलं, कुत्र्याने चावलं तरी काही बिघडत नाही. नव्या यंत्रात शब्द भरले की सगळं जसंच्या तसं. आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्याला ना तुमचं यंत्र लागतं, ना पिन. सीड फ्रेज म्हणतात ती हीच. थोडक्यात, वॉलेट त्या कागदावर आहे.

बारा शब्दांत १२८ बिटची यादृच्छिकता असते, म्हणजे शक्यता ३४ वर ३७ शून्यं इतक्या. अंदाजाने कुणी पोहोचणार नाही. पण लोकांना चलाखी सुचते. शब्द उलटसुलट क्रमाने लिहून ठेवू, चोराला कळणार नाही! बारा शब्दांचे एकूण क्रम भरतात सुमारे ४८ कोटी. शेवटच्या शब्दात पडताळणीचे बिट असतात, त्यांनी त्यातले सोळापैकी पंधरा आपोआप बाद होतात. उरतात तीन कोटी, आणि ते तपासणं साध्या संगणकाच्या आवाक्यातलं आहे. अर्धे शब्द गावाकडे, अर्धे पुण्यात ही युक्तीही तशीच अंगाशी येणारी. एक कागद गेला की दुसरा निरुपयोगी.

लिहिताना एक खबरदारी मराठी घरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. शब्द रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहा, देवनागरीत नको. त्या यादीत ‘राइट’ दोन आहेत, एक उजवा आणि एक लिहिण्याचा. ‘पीस’ही दोन, एक शांततेचा आणि एक तुकड्याचा. देवनागरीत दोन्ही जोड्या एकसारख्याच दिसणार, आणि पाच वर्षांनी कुठला कोणता हे कुणाला आठवणार? यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, तेव्हा निदान ती चार तरी स्वच्छ हवीत. प्रत्येकापुढे क्रमांक घालायला विसरू नका.

आणि फोटो काढायचा नाही. फोटो काढला की तो आपसूक क्लाउडवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज, ईमेलचा ड्राफ्ट, एक्सेलची पासवर्ड घातलेली शीट, यातलं काहीच नको. प्रिंटरही नको. शब्द संगणकाला किंवा फोनला एकदा जरी दिसले, तरी हार्डवेअर वॉलेटवर घातलेले पैसे पाण्यात. शब्द भरायची जागा म्हणजे यंत्रच, असं मनाशी पक्कं करावं. (ट्रेझरच्या जुन्या मॉडेलला भरताना संगणकाचा कीबोर्ड वापरावा लागतो, तिथे कोणत्या क्रमाने भरायचे हे यंत्राचा पडदा सांगतो. हा अपवाद.)

कागदाचं आपल्याकडे काय होतं, हे काही सांगायला नको. कोकणातल्या दमटपणात शाई फुटते, वाळवी लागते, दिवाळीच्या साफसफाईत चिठ्ठी रद्दीत जाते. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ ला चिपळूणच्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटांतलं काय राहिलं ते अनेकांनी पाहिलंय. त्यासाठी स्टीलच्या पट्ट्या मिळतात, त्यावर ठशांनी अक्षरं उमटवता येतात. भांड्यावर नाव घालणाऱ्याच्या यंत्रानेही ते होईल, पण ते यंत्र स्वतः चालवायचं, दुकानात देऊन यायचं नाही. दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. एकाच कपाटात दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

यानंतर बहुतेक लोक जी पायरी गाळतात ती अशी. वॉलेटमध्ये थोडीशी रक्कम घ्या, पाचशे-हजार रुपयांची. मग यंत्र मुद्दाम पुसून टाका, चक्क फॅक्टरी रिसेट. आता कागद समोर घेऊन शब्द पुन्हा भरा. तीच रक्कम, तेच पत्ते दिसले तर कागद बरोबर आहे. सातवा शब्द चुकलाय हे कळायची वेळ पाचशे रुपयांवर आलेली बरी. तालमीशिवाय मोठी रक्कम आत घेऊ नये.

मोठी रक्कम एक्स्चेंजवरून आपल्या वॉलेटमध्ये आणताना आधी तो एक्स्चेंज क्रिप्टो बाहेर काढू देतो का ते बघावं. सगळे देत नाहीत. मग नेटवर्क, म्हणजे रक्कम कुठल्या नाण्याच्या खातेवहीवर जाणार ते. टेथरसारखं टोकन इथेरियमवरही असतं आणि ट्रॉनवरही. पाठवणाऱ्याने निवडलेलं नेटवर्क आणि आपल्या पत्त्याचं नेटवर्क एकच हवं, नाहीतर रक्कम अधांतरी. पत्ता अ‍ॅपमध्ये दिसतो तसा यंत्रावरही दाखवून घ्यावा आणि दोन्ही जुळवावेत. बिटकॉइनमध्ये दर वेळी नवा पत्ता दिसला तर गोंधळू नका, जुनेही चालूच राहतात. पाठवताना जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलायची सवय वाईट. चोर आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखीच सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवतात आणि त्यावरून चिमूटभर रक्कम पाठवून यादीत घुसतात. मे २०२४ मध्ये एकाने अशा पत्त्यावर सुमारे सात कोटी डॉलर पाठवले होते. चोराने बहुतेक रक्कम परत केली, पण हे नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही, मधलीही वाचावीत.

भारतात क्रिप्टो बाळगायला बंदी नाही आणि एक्स्चेंजवरून आपल्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्रीही नव्हे. विकल्यावर मात्र नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही. तेव्हा कधी, कितीला घेतली याच्या नोंदी हलवायच्या आधीच उतरवून घ्या. उद्या एक्स्चेंजच बंद पडला तर खरेदीचा पुरावा तुमच्याकडेच असायला हवा.

आता त्या सहीकडे येऊ. बिटकॉइन पाठवताना यंत्राचा पडदा पत्ता आणि रक्कम सरळ दाखवतो. इथेरियमवरच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे खातेवहीवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचं, तसं नाही. तिथे पुष्कळदा पडद्यावर येते ती निव्वळ आकडे-अक्षरांची लांबलचक रांग, जी वाचून ब्रह्मदेवालाही बोध होणार नाही. यावर सही करणं म्हणजे ब्लाइंड सायनिंग. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजची सुमारे दीड अब्ज डॉलरची क्रिप्टो याच वाटेने गेली. सह्या करणाऱ्यांच्या संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि ज्यावर सही झाली त्याने खात्याचा ताबाच चोरांकडे गेला. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. सामान्य माणसाला एवढं पुरे, की बचतीचं वॉलेट कुठल्याही संकेतस्थळाला जोडायचं नाही आणि ब्लाइंड सायनिंगची सोय बंदच ठेवायची. फुकट टोकन, एअरड्रॉप, एनएफटी असले प्रयोग करायचेच तर वेगळं वॉलेट, वेगळे शब्द, थोडकी रक्कम.

या सगळ्यापेक्षा सोपी चोरी म्हणजे शब्द मागून घेणं. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. त्यानंतर काहींच्या घरी टपालाने नवीकोरी बनावट यंत्रं आली. पुढे २०२५ मध्ये कंपनीच्या लेटरहेडवर पत्रं आली, की क्यूआर कोड स्कॅन करून चोवीस शब्द भरा, नाहीतर वॉलेट बंद होईल. खरी कंपनी हे शब्द कधीही मागत नाही. फोनवर ‘सपोर्ट’वाला कितीही शुद्ध मराठी बोलला, तरी शब्द सांगायचे नाहीत. आपल्याकडे काय आहे हे मित्रमंडळीत मिरवणंही टाळावं. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचं खंडणीसाठी अपहरण झालं आणि त्याचं बोट कापण्यात आलं. बंदुकीपुढे कुठलीच चिप चालत नाही.

पासफ्रेज नावाची आणखी एक सोय असते, शब्दांच्या जोडीला स्वतः ठरवलेला आणखी एक परवलीचा मजकूर. कागद चोरीला गेला तरी तो असल्याशिवाय रक्कम दिसत नाही. पण यात ‘चुकीची पासफ्रेज’ असा इशारा मिळत नाही. एक अक्षर इकडेतिकडे झालं, मोठ्याच्या जागी छोटं आलं, तर वेगळंच रिकामं वॉलेट उघडतं. नवख्याने पहिलं वर्षभर तरी तिच्या वाटेला जाऊ नये.

शेवटचा प्रश्न वारसांचा. बँकेत नॉमिनी असतो, इथे तो रकानाच नाही. घरातल्या कुणालाच काही माहीत नसलं तर आपल्याबरोबर रक्कमही गेली. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत; ते वकिलाच्या, कारकुनाच्या हाताखालून जातं. त्याऐवजी एक साधं पत्र लिहावं. त्यात क्रिप्टो आहे हे, कोणत्या कंपनीचं यंत्र हे, शब्दांच्या प्रती कुठे आहेत हे, आणि कुणाही ‘जाणकारा’च्या हाती तो कागद द्यायचा नाही हे. पत्नी किंवा मुलगी बसून ती रिसेटची तालीम तुमच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून बघेल तर उत्तम. पत्रात पिन लिहायची गरज नाही, नव्या यंत्रावर त्यांना नवा ठेवता येईल. पासफ्रेज मात्र वापरली असेल तर ती शब्दांपासून वेगळ्या जागी, लिहूनच ठेवावी लागेल, अक्षराचं लहान-मोठेपण आणि मधली मोकळी जागा यांसकट.